त्यातला एक कोट

१

माणसाला थंडी पटत नाही. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो.

खाली गावात ऊन असतं. लोक घाम पुसत गाडीत बसतात, वळणं घेत घेत वर येतात, आणि शेवटच्या थांब्यावर पाय खाली टाकला की त्यांचे दात वाजायला लागतात. तरी पटत नाही. कुणी अर्ध्या चड्डीत असतो, कुणाच्या अंगात बिनबाह्यांचा झगा असतो. फोन काढून माझ्या नाकासमोर धरतात. "अहो, पण यात तर छान हवा दाखवतंय." मी म्हणते, "मग फोनच पांघरा." हसतात, आणि कोट भाड्याने घेतात. इथून पुढे खिंडीपर्यंत रस्ता आणखी चढतो. तिथलं वारं कुणाची भीडभाड ठेवत नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना लोखंडी दांडे, दांड्यांवर कोट, मधे शेगडी आणि शेगडीजवळ एक फळी, तीच आमचं काउंटर. कोट सगळे एकसारखे. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातल्या रखवालदारांसाठी शिवलेले, ते दादाने एकदम उचलले होते. काळपट हिरवं कापड, तपकिरी बटणं, आत करडं अस्तर. मापही एकच. बारक्याला तो तंबू होतो आणि जाड्याचं बटण लागत नाही, पण वर गेल्यावर मापाची तक्रार कुणी करत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो थांब्यापासून खिंडीपर्यंत गाडी चालवायचा. कोट मी आणि वहिनी बघायचो. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ही वेगळी आणि कंटाळवाणी गोष्ट आहे. वहिनी माझ्याहून मोठी, तरी मला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा चेष्टेने म्हणायला लागली आणि ते तसंच राहून गेलं.

संध्याकाळी गाड्या एकामागोमाग उतरतात. लोक कोट काढतात आणि फळीवर ढीग टाकून चहाच्या टपरीकडे पळतात. मग आमचं काम सुरू होतं. कोट उचलायचा, खिसे उलटे करायचे, झटकायचा, ब्रश मारायचा, दांड्यावर अडकवायचा. हात आपोआप चालतात. आम्ही दोघी तेवढ्यात जगभरच्या गप्पा मारून घेतो.

दादा गेल्यानंतर गप्पा बंद झाल्या. हात चालू राहिले.

२

त्या दिवशी इथेसुद्धा सकाळी स्वच्छ ऊन होतं. दादा एका कुटुंबाला घेऊन वर गेला. दुपारनंतर खिंडीत एकाएकी बर्फ पडायला लागलं. त्या महिन्यात तिथे बर्फ पडलेलं कुणाला आठवत नव्हतं.

उतरताना दादाची गाडी मोठ्या वळणावर बंद पडली. मागून दुसरी गाडी आली. तिच्यात दाटीवाटीने त्या कुटुंबापुरती जागा झाली. त्यांच्यातल्या म्हातारीचे ओठ निळे पडले होते. दादा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी इंजिन तापवून येतोच मागून." ती गाडी म्हातारीला घेऊन तडक खालच्या दवाखान्यात गेली. थांब्यावर थांबलीच नाही.

हवा बिघडली की ड्रायव्हर लोक खिंडीतल्या चौकीवर मुक्काम करतात. नेहमीचंच आहे ते. त्यामुळे आम्ही समजलो दादा चौकीवर आहे, आणि चौकीवाले समजले तो खाली पोचला. दोन्हीकडे कुणाला काळजी वाटली नाही. आम्ही दोघी जेवलो आणि झोपलो. जेवताना कशावरून तरी हसलोसुद्धा होतो. ते आठवलं की मला अजून बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी तो सापडला. गाडीच्या बाहेर, वळणाच्या दगडी कठड्यावर, अंगात नुसता शर्ट. आमच्याच दुकानातला कोट शेजारी ठेवलेला होता. बाह्या आत घेऊन घडी केलेली, सीझन संपला की कोट पेटीत ठेवताना आम्ही करतो तशी.

ज्यांनी त्याला आणलं त्यांच्यातला एक वयस्कर माणूस वहिनीजवळ बसला. म्हणाला, "बाई, शेवटी शेवटी माणसाला थंडी वाजत नाही. उलट उकडायला लागतं. म्हणून कपडे काढतात. त्याला काही त्रास झाला नसणार."

वहिनीने मान हलवली. त्याने कोट तिच्या हातात दिला. मी तेव्हा दारात उभी होते, सगळं बघत होते, आणि तरी मला काही खटकलं नाही. वहिनीने कोट घेतला, खिसे उलटे केले, झटकला, ब्रश मारला आणि दांड्यावर अडकवला. इतकी वर्षं जे केलं तेच तिच्या हातांनी केलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि दांड्यासमोर उभी राहिली. दोन्ही भिंतींवर कोट होते. आदल्या संध्याकाळी लोकांची ये-जा झाली होती, शेजारपाजारच्यांनी आवराआवर करताना कोट इकडचे तिकडे सरकवले होते. तिने एकेक कॉलर हुंगून बघितली. सगळ्यांना ब्रशचा आणि शेगडीच्या धुराचाच वास होता.

"वन्सं," ती म्हणाली, "त्यांचा कोणता हो यातला?"

मीही एकेक कोट उलटून बघायला लागले.

३

या वर्षी सीझन सुरू झाला तेव्हा मी म्हटलं होतं, दुकान बंद करू, खाली जाऊ. वहिनी तयार होईना. तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. त्या माणसाने सांगितलं ते खरं की खोटं? दादाला त्रास झाला की नाही? "ते सगळ्यांनाच तसं सांगत असतील," ती म्हणायची. "रडणाऱ्या बाईला कोण खरं सांगेल?" भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मधेच थांबून ती हे म्हणायची. ती वाळत चालली होती. मला तिच्याशिवाय कुणी नाही, आणि तिलाही माझ्याशिवाय नाही. त्यामुळे मी दरवेळी ठासून सांगायची की खरंच आहे ते, डॉक्टरसुद्धा तेच म्हणतात. मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी एक लठ्ठ गृहस्थ कोट हातात घेऊन आले. अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला. बाहेर वारं असं सुटलं होतं की टपरीवालीने छपराला दगड बांधले होते.

"बाई, तुमचा कोट फार गरम आहे हो," ते म्हणाले. "वर नुसतं उकडलं. मी काढूनच टाकला."

मी त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, घरचंच अस्तर दांडगं आहे तुमचं. कोट ढिगात टाकला आणि विसरून गेले.

काही दिवसांनी एक काटकुळी मुलगी आली. नाकाला पाणी आलेलं, ओठ फुटलेले, पण कोट खांद्यावर टाकलेला. तिची आई पाठीमागून ओरडत होती. "घाल म्हणतेय तर घालत नाही. उकडतंय म्हणे." मी त्या मुलीच्या कपाळाला हात लावला. मला वाटलं ताप असेल. कपाळ बर्फासारखं गार होतं.

"खरंच उकडतंय हो मावशी," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते आणि ती कॉलर सैल करत होती.

मी तिच्या खांद्यावरचा कोट काढून घेतला. आतून हात घातला. अस्तर गार होतं, बाकी कोटांइतकंच. मी स्वतःला समजावलं. वर हवा विरळ असते, लोकांना काय वाटेल ते वाटतं. कुणाला उलट्या होतात, कुणी उगाच हसत सुटतं. त्यात एखाद्याला उकडलं तर कुठे बिघडलं?

मागे वळले तर वहिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तेवढ्यात दुसरी गाडी उतरली, फळीवर ढीग पडला, आणि माझ्या हातातला कोट मी त्यावरच ठेवला. वहिनी त्या ढिगाकडे बघत राहिली.

४

त्यानंतर संध्याकाळी काम आटपलं की वहिनी दांड्यावरचा एखादा कोट घालून बाहेर पायरीवर बसायला लागली. जरा वेळाने कुडकुडत आत यायची, कोट जागेवर अडकवायची आणि चूल पेटवायची. दुसऱ्या दिवशी कोट पुन्हा लोकांच्या अंगावरून वर जायचे, पुन्हा मिसळायचे. शोधूनही न सापडण्यात तिचं बरं होतं असं मला वाटायचं. रोज थोडी आशा आणि रोज थोडी दमणूक. माणूस तेवढ्यावरही दिवस काढतो.

मग ते नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. मुलीच्या हातावरचा मेंदीचा रंग अजून ताजा होता. दोघं वर गेली ती चेष्टामस्करी करत. परत आली तेव्हा नवरा रडकुंडीला आला होता. बायको गाडीतून उतरली ती नुसत्या झग्यावर, दंड उघडे, नखं निळी. ती हसत होती. गाडीवाला म्हणाला, मोठ्या वळणापाशी ती गाडी थांबवा म्हणायला लागली. उतरली, कोट काढला, त्याची घडी केली आणि कठड्यावर जाऊन बसली. तिघांनी ओढून आणली तिला.

"कशी घडी केली?" मी विचारलं.

"कशी म्हणजे? बाह्या आत घेऊन."

आम्ही कुणालाही घडी करायला शिकवत नाही. लोक कोट ढिगात फेकतात.

मी तिला शेगडीजवळ बसवलं, अंगावर ब्लँकेटं टाकली. तिचं हसू हळूहळू उतरलं आणि मग ती हमसून रडायला लागली. का रडतेस विचारलं, तर "माहीत नाही हो," एवढंच म्हणत होती. तिचा नवरा तिचे तळवे चोळत होता.

वहिनी तेव्हा मागच्या अंगणात सरपण आणायला गेली होती. तो कोट मी उचलला, आतल्या खोलीत नेला आणि पेटीत, सगळ्यात तळाशी, जुन्या चादरींखाली घातला. जाळून टाकावा असं मनात आलं होतं. पण दादाचा होता तो. तो दादाचा आहे हे मी मान्य केलंय, हे माझं मलाच तेव्हा कळलं.

वहिनी सरपण घेऊन आली. तिने मुलीकडे पाहिलं, मग दांड्यांकडे, मग माझ्याकडे.

"काय झालं हिला?"

"काही नाही. वर थोडा त्रास झाला."

"उकडलं?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे वहिनीला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

५

शेगडीची जाळी फुटली होती, ती सांधायला मला खाली गावात जावं लागलं. ज्या गाडीतून गेले तिच्या ड्रायव्हरला सगळे 'घड्याळ' म्हणतात, कारण तो कधीही वेळेवर येत नाही. माणूस मायेचा. दादाचा जोडीदार होता.

खाली भयंकर ऊन होतं. डांबर पायाला चिकटत होतं. लोहाराच्या दुकानात मी पदराने वारा घेत बसले होते. घड्याळ बाहेरून आला आणि वर डोंगराकडे बघून म्हणाला, "ताई, आटपा लवकर. वर काहीतरी शिजतंय."

मला तिथून फक्त पांढरट धूसर दिसलं. तरी मी लोहाराच्या हातातली जाळी तशीच घेतली आणि गाडीत बसले.

अर्ध्या वाटेवर ऊन गेलं. मग वारं आलं. थांब्याच्या अलीकडे काचेवर बर्फाचे कण वाजायला लागले. उतरले तेव्हा दुकानाचं दार उघडं होतं. आत शेगडीवर अडगळीतली एक जुनी जाळी कशीबशी टेकवून निखारे ठेवलेले. कोट झटकून ओळीने दांड्यावर. आतल्या खोलीत पेटी उघडी, चादरी काढून नीट घडी घालून पलंगावर ठेवलेल्या. तिने काहीही विस्कटलं नव्हतं.

टपरीवाली धावत आली. "अगं, तुझी वहिनी गेली की वर, दुपारच्या गाडीने. म्हटलं एकटी कुठे? तर म्हणाली, जरा बसून येते. गाडीवाल्याला मोठ्या वळणावर सोडायला सांगितलंन."

"आणि आणायला?"

"ते नाही बाई विचारलं. कोट होता की अंगात."

घड्याळने गाडी बंदच केली नव्हती.

६

मोठ्या वळणावर पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता, पण उजेड राखेच्या रंगाचा झाला होता. बर्फ तिरकं पडत होतं. रस्ता पांढरा, कठडा पांढरा. त्या पांढऱ्यावर वहिनी बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर, अंगात रोजची सुती साडी. केसांवर बर्फ साचलेलं. कोट तिच्या डाव्या हाताला होता, घडी केलेला.

मी हाक मारली. तिने मान वळवली. चेहरा लालसर होता आणि शांत. दादा गेल्यापासून तो चेहरा मी शांत पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, क्षणभर मला तिला तिथून उठवावंसं वाटलं नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "खरं होतं हो. मस्त ऊब आहे इथे."

मी तिचा हात धरला. लाकूड धरल्यासारखं वाटलं. माझी शाल, स्वेटर, निघताना दुकानातून घातलेला कोट, सगळं काढून तिच्या अंगावर चढवलं. घड्याळने तिला उचललं. ती त्याला म्हणाली, "अहो, कशाला एवढं? उकडेल मला."

ती जिथे बसली होती तिथे कठडा काळा, ओला दिसत होता. ते स्वाभाविक होतं. कोटाच्या पलीकडे आणखी एक तसाच काळा तुकडा होता, माणूस बसला तर लागेल तेवढा. मी बघत असताना त्यावर बर्फ पडत होतं आणि पडल्यापडल्या वितळत होतं.

मी घड्याळला दाखवलं नाही. तोही तिकडे बघायचं टाळत होता.

७

माझ्या अंगावर आता पातळ साडीशिवाय काही नव्हतं, आणि गाडीची एक काच खाली अडकून बसलेली. घड्याळ म्हणाला, "ताई, तो कठड्यावरचा कोट घाला. मराल." मी घातला. दुसरा इलाज नव्हता.

वहिनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. माझे दोन्ही हात तिने आपल्या हातात घट्ट धरून ठेवले होते. जरा वेळ काहीच झालं नाही. मग मानेपाशी ऊब आली. मग पाठीवर, कुणी तळवा ठेवावा तशी. मग छातीवर, पोटावर, आणि बघता बघता मला घाम फुटला. उघड्या काचेतून बर्फ आत येत होतं आणि मला ते हवंहवंसं वाटत होतं. बटण सोडायला मी हात ओढला. वहिनीने सोडला नाही.

सगळे इथपर्यंतच आले होते. तो लठ्ठ माणूस, ती काटकुळी मुलगी, ती नवरी, वहिनीसुद्धा. उकडलं की कोट काढत होते. मला काढता आला नाही, म्हणून मी पुढे गेले.

पुढे ऊब होतीच, पण तिचं काही वाटेनासं झालं. उरलं ते फक्त ऐकणं. मी कान देऊन ऐकत होते. सगळं अंग म्हणजे कान झालं होतं. खूप खालून, वाऱ्याच्या आतून, इंजिनाचा आवाज येत होता.

"गाडी येतेय," मी म्हटलं.

"कुठून?" घड्याळने विचारलं.

"खालून. जरा थांब. आपल्यालाच न्यायला येतेय."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ताई, खालून कुणी येत नाहीये. रस्ता बंद केलाय. आपलीच गाडी वाजतेय."

मला ते ऐकू आलं आणि कळलंही. तरी तो आवाज जवळ येतोय असं वाटत राहिलं, आणि जवळ येत येत तो पोचत नव्हता. पुन्हा लांबून सुरू व्हायचा. दरवेळी मला वाटायचं, ही आपली. या आशेची मला भयंकर भीती वाटली. थंडीची वाटली नाही.

मी डोळे मिटले. मिटल्यावर मला दोन दिवे दिसले, गाडीचे मागचे, लाल. बर्फातून उतारावर खाली चाललेले. डाव्या दिव्याची काच फुटलेली होती आणि तिथून पांढरा उजेड बाहेर सांडत होता. दिवे एका वळणावर गेले, पुन्हा दिसले, लहान झाले. मी त्यांना हाक मारत होते. तोंड उघडत नव्हतं, पण मी हाक मारत होते. मग दिवे गेले.

थांब्यावर गाडी उभी राहिली. घड्याळने वहिनीला आत नेलं. मी उतरून गाडीच्या मागे गेले. डाव्या दिव्याची काच फुटलेली होती.

त्या दिवसाची गाडी नव्हती ती. आत्ताची होती, आमची. कठड्यावरून दादाने आम्हाला जाताना पाहिलं होतं.

८

वहिनीला शेगडीशी निजवलं. टपरीवालीने गरम पाण्याच्या बाटल्या आणल्या, आम्ही तिचे पाय चोळले. कितीतरी वेळाने ती थरथरायला लागली. घड्याळ म्हणाला, थरथरतेय म्हणजे वाचली. तो भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. मग तो आणि टपरीवाली दवाखान्याला फोन लावायला गेले.

मी वहिनीच्या उशाशी बसले होते. तिने डोळे उघडले. माझ्या अंगावरचा कोट तिने पाहिला आणि बाहीवर हात ठेवला.

"तुम्हालाही कळलं ना?" ती म्हणाली. "ऊब?"

"कळलं."

"मी थोडाच वेळ घातला हो. उकडलं म्हणून काढला. तुम्ही तर सबंध रस्ता घालून होतात." तिला बोलताना धाप लागत होती. "शेवटपर्यंत तसंच होतं का? नुसती ऊब? त्यांनी कुणाची वाट नाही ना पाहिली?"

माझे कान तेव्हा लाल झाले असतील. पण शेगडीच्या उजेडात सगळंच लाल दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "नुसती ऊब होती. झोप लागावी तसं. वाट कुणाची बघेल? त्याला काही आठवतच नव्हतं."

तिने सुस्कारा टाकला. इतक्या महिन्यांचा साठलेला असावा. मग ती कुशीवर वळली, हात गालाखाली घेतला आणि झोपली. लहान मूल दमून झोपतं तशी, तोंड किंचित उघडं टाकून. तिच्याकडे बघताना मला रडू आलं, आणि जे केलं ते बरोबर केलं असंही वाटलं.

घड्याळ परत आला. "ताई, कोट काढा आता. ओला आहे."

"काढते," मी म्हटलं.

पहिल्या बटणाला हात लावला. तेवढ्यात तो आवाज पुन्हा लांबून सुरू झाला. मला वाटलं, जोवर हा कोट माझ्या अंगात आहे तोवर तो आवाज ऐकायला आम्ही दोघं आहोत. काढला की दादा तिकडे पुन्हा एकटा. असं काही नसतं हेही मला कळत होतं. कोट म्हणजे कापड, अस्तर आणि बटणं, आणि ती कशी असतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? घड्याळ आणखी काही म्हणाला असेल. मी ऐकलं नाही.

मी वरचं बटण नीट लावलं. वहिनीच्या अंगावरचं ब्लँकेट सारखं केलं, शेगडीत निखारे ओढले. मग स्टूल दाराशी नेऊन रस्त्याकडे तोंड करून बसले, आणि खालून येणाऱ्या गाडीची वाट बघायला लागले.